दर्याबाई राणीसाहेबांनी स्वभाव पालटिला ती हकिकत

॥ श्री ॥

गजाननास नमन, शारदेस नमन, आणि कुशीवर निजलेले मूल झोपेत कोणास न कळता हसते त्या हसण्यास तिसरे नमन करून हा मजकूर लिहिण्यास आरंभ केला असे. शके सोळाशे चौऱ्यांशी, चित्रभानुनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी नदीवर धुके होते आणि धुक्याच्या अलीकडे एक राज्य होते. राज्याचे नाव लिहिणारास ठाऊक नाही. तेथील लोकांस विचारिले तर ते ‘हेच आपलं’ इतकेच सांगत. राज्य लहान; एका टोकास कोणी शिंकले तर दुसऱ्या टोकाचे लोक ‘शतंजीव’ म्हणत. परंतु दुपार मात्र तेथे बहुत लांब असे. जेवणे होत, विडे होत, मग नगारखान्यावरची कबुतरे डोळे मिटीत, मग नदीही वाहावयाची थांबून अंमळ आडवी होई आणि उन्हे कलली म्हणजे उठून पुढे चालू लागे. ऐशा राज्यात महाराज सुखे नांदत होते आणि त्यांच्या राणीसाहेब दर्याबाई अत्यंत काळजीत नांदत होत्या.

काळजी कसली म्हणाल तर एकुलत्या एका कन्येची. चिमाराजे त्यांचे नाव, वय दीड वर्ष, राज्याच्या पुढल्या धनी त्याच. राणीसाहेबांनी कन्येच्या रक्षणास्तव जो बंदोबस्त केला तैसा कोणा किल्ल्यासही नव्हता. देवघराच्या उंबऱ्यास एक हवालदार, पाळण्याच्या दोरीस दोन भालदार, चौरंगाच्या चारी कोनांस गोधडीचे चिलखत. वाऱ्यास महालात शिरणे जाहले तर आधी परवाना घ्यावा लागे, आणि पावसाळी वाऱ्यास तो मिळत नसे. मूल निजले म्हणजे राणीसाहेब त्याच्या नाकाशी मोराचे पीस धरीत; पीस हलले म्हणजे सुटकेचा श्वास टाकीत, आणि त्यांच्याच श्वासाने पीस पुन्हा हले, म्हणून पुन्हा पाहत. आणि किंकाळी तर प्रसिद्धच. राजकन्येचा पाय जरा अडखळला की ‘अगं पडशील!’ ऐशी आरोळी महालातून उठे, आणि ती ऐकून बाजारात वाणी तराजू खाली ठेवीत, धोबी घाटावर उभे राहत, आणि पडावयाच्या बेतात नसलेली राज्यातील इतर मुलेही धपकन खाली बसत.

ऐसे चालत असता राजकन्या प्रथम बोलल्या. सारे वाट पाहत होते की ‘आई’ म्हणतील की ‘बाबा’. त्यांनी बाहुलीस पाटावर उभे केले, तिजकडे बोट केले आणि स्पष्ट म्हणाल्या, “जपून.”

दरबारात आनंद जाहला. हत्तीवरून साखर वाटली. वडील आऊसाहेब, महाराजांच्या मातुश्री, म्हणाल्या की पोर आईच्या वळणावर गेली हो, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे कोणास मोजता आले नाही. राणीसाहेबांनी मात्र साखर तोंडात ठेविली आणि ती गोड लागली नाही. त्या दिवसापासून त्या आपल्या लेकीस निरखू लागल्या. मग त्यांस दिसले की मुंगी चालली तर मूल मुंगीकडे न पाहता आईच्या तोंडाकडे पाहते. पान गळले तर आईच्या तोंडाकडे पाहते. दारात वासुदेव आला, मोरपिसांची टोपी, टाळ, चिपळ्या, तरी त्यास सोडून आईच्या तोंडाकडे पाहते. आणि तेथे जे लिहिलेले असेल त्याप्रमाणे हसावे की रडावे ते ठरविते. राणीसाहेबांस कळून चुकले की आपला चेहरा हेच या मुलीचे पंचांग जाहले आहे आणि त्यात सगळ्या तिथी अशुभ आहेत. मग त्यांनी मनाशी मसलत केली की मुलीचा स्वभाव पक्का होण्याआधी आपला पालटला पाहिजे, नाहीतर हे भय खापरपणतीपर्यंत वंशात चालेल.

प्रथम घरीच करून पाहिले. सकाळी उठून ठरवावे की आज काही बोलावयाचे नाही, आणि झोपाळ्याजवळ तोंडात पदर धरून बसावे. परंतु उंबऱ्याचा हवालदार सवयीने म्हणे, “राणीसाहेब, जपून.” दाई तुळसा म्हणे, “आपल्याला काळजी वाटेल म्हणून आधीच सांगते, ताईसाहेबांना दोन शिंका आल्या.” आणि आऊसाहेब पान लावता लावता म्हणत, “आज सूनबाईंचा आवाज नाही. बरं वाटत नाही का?” आणि मग संध्याकाळी गाय गोठ्यात यावी तैसा जुना स्वभाव आपल्या पायांनी चालत घरी येई आणि खुंट्याशी उभा राही. आपण बदलू पाहतो आणि चारचौघे आपली जुनी ओळख आपल्या हाती परत देतात, तेही प्रेमाने, यास काय करावे?

त्या समयी नदीपलीकडे रायाजी म्हणून एक म्हातारा बहुरूपी राहत असे. दारोदार सोंगे घेऊन पोट भरावे हा त्याचा धंदा. राणीसाहेबांनी त्यास बोलावून पुसले की सोंग कायमचे घेता येते काय. रायाजीने आधी आपली बढाई सांगितली, की मी एकदा कोतवाल जाहलो तेव्हा खरा कोतवाल मला मुजरा करून गेला, आणि एकदा सासू जाहलो तेव्हा माझी बायको माहेरी निघून गेली. मग तो मुद्द्यावर आला. म्हणाला की कायमचे घेता येते, परंतु ओळखीच्या माणसांत नव्हे. घरच्या हाकेने सोंग उतरते. जेथे आपणांस कोणी ओळखत नाही तेथे जाऊन राहावे लागते.

“आणि करायचं काय?” राणीसाहेब बोलिल्या.

“आधी पाय,” रायाजी म्हणाला. “आपण चवड्यावर चालता, राणीसाहेब. टाच टेका. मग खांदे खाली सोडा. मग आवाज. मन शेवटी येतं.”

“आणि नाहीच आलं तर?”

“तर सोंग नीट वठवायचं. बघणाऱ्याला तेवढंच दिसतं.”

अडचण ऐशी की राज्याच्या धन्याने सज्ञान होईतो नदी ओलांडू नये हा तेथील जुना कायदा. म्हणजे राजकन्येस मागे ठेवणे आले. जी बाई शेजारच्या दालनातही लेकीस एकटी सोडीत नसे तिने नदीपार जावे हे कोणास खरे वाटले नाही. महाराज म्हणाले की जाऊ नको. मग म्हणाले जा. मग म्हणाले की जाताना शाल घे. राणीसाहेबांनी निजलेल्या मुलीच्या नाकाशी पीस धरिले, ते हलले, आणि प्रथमच त्यांनी ते दुसऱ्यांदा पाहिले नाही. पीस तुळसेच्या हाती दिले आणि नावेत बसल्या.

पलीकडच्या गावी त्यांस कोणी ओळखत नव्हते. ‘ती चिंचेखालची बाई’ इतकीच ख्याती. तेथे त्या टाच टेकून चालावयास शिकल्या आणि दार नुसते लोटून निजावयास शिकल्या. रायाजीची नातवंडे चिंचेवर उलटी लोंबकळत; ती पाहता किंकाळी दातांपर्यंत येई; तिचा प्रथम खोकला केला, मग हुंकार केला, आणि मग कधीतरी त्याचे गुणगुणणे जाहले, आणि पोरे म्हणू लागली की त्या बाई सारख्या गातात. हात मात्र रिकामे राहत नव्हते. कधी कळशी, कधी उशी कडेवर घेऊन त्या उगीच अंग झुलवीत उभ्या राहत, आणि कोणी पाहिले तर कळशी भरावयास नेत. ऐसे करीत थंडी सरली आणि पळस फुलला. एके सकाळी त्यांस उठल्यावर भय शोधावे लागले, जैसा उशीखाली ठेविलेला बुगड्यांचा जोड शोधावा. सापडले, परंतु शोधावे लागले. तेव्हा त्या म्हणाल्या की आता घरी.

आता राज्याचा एक रिवाज सांगणे अवश्य आहे, तो न सांगता पुढील मजकूर उमगणार नाही. मागे महाराजांचे काका मोहिमेत नाहीसे जाहले होते आणि काही काळाने एक इसम ‘मीच काका’ म्हणून आला. चेहरा तोच, उजव्या कानामागील तीळ तोच. तो बरीच वर्षे श्रीखंड खाऊन राहिला. शेवटी एके दिवशी त्याने ताटातली पुरणपोळी दारच्या याचकास उचलून दिली, आणि सारे सावध जाहले. कारण खरे काका वाढणाऱ्या माणसासही वाटी परत देत नसत. तो तोतया ठरला. तेव्हापासून कारभारी लखोपंत यांनी कायदा केला की चेहरा आणि तीळ यांवर भरवसा न ठेवावा. माणूस ओळखणे तो स्वभावावरून ओळखावा, कारण तेवढा कोणास पालटता येत नाही.

तो राणीसाहेबांची नाव काठास लागली. त्यांनी पाण्यात पाय घातला आणि पाणी गार लागले म्हणून हसल्या. दरवाजावरचा शिपाई भाला आडवा करून उभा राहिला.

“दार उघड बाबा, पाय भिजलेत,” त्या म्हणाल्या.

“आमच्या राणीसाहेब पाय भिजू देत नाहीत,” शिपाई म्हणाला. “त्यांनी आधी ताईसाहेबांचा खोकला विचारला असता, मग दार.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मग त्यांस मोठ्या अदबीने अटकेत घेतले, पंख्याने वारा घातला, सरबत दिले, आणि भर दरबारी तोतयाची चौकशी मांडली. तोतया ठरल्यास नदीपार रवानगी, आणि राजकन्येस पुन्हा पाहणे नाही, हे लखोपंतांनी आरंभीच हळू आवाजात सांगितले, जैसे वैद्य पथ्य सांगतो.

वडील आऊसाहेबांस प्रथम पुसले. त्यांनी आयुष्यभर सुनेच्या भित्रेपणास नावे ठेविली होती; आता तोच साक्षीस कामी आला. त्यांनी विचारिले की पोर रात्री खोकली तर काय करशील. राणीसाहेब म्हणाल्या की कोमट पाणी पाजीन आणि पाठीवर हात फिरवीन. आऊसाहेबांचे डोळे भरले. “आमची सून नऊ वैद्य बोलावी,” त्या म्हणाल्या. “ही कोणी शहाणी बाई दिसते. आमची नव्हे.”

मग महाराजांस पुसले. नदी आडवी होण्याची वेळ जवळ येत होती आणि दरबारात सर्वांस गुंगी येत होती. मग महाराज म्हणाले, “चेहरा तिचाच आहे. पण ती माझ्याकडे बघायची तेव्हा माझ्या मागं काय उभं आहे तेही बघायची. ही नुसती माझ्याकडे बघते.” आणि खाली मान घालून पुढे म्हणाले की मला हे आवडले, म्हणून मला भीती वाटते.

दरबार ऐसा रंगला असता सारे पहारेकरी तोतया पाहावयास दरबारात येऊन उभे राहिले होते. उंबऱ्याचा हवालदार आला, पाळण्याचे भालदार आले, आणि दाई तुळसा तर पुढेच बसली होती. त्यामुळे झोपेतून उठलेल्या चिमाराजेंस कोणी अडविले नाही. त्या अनवाणी बाहेर आल्या, समोर नगारखान्याचा दगडी जिना होता, कठडा नसलेला, वर कबुतरे होती, आणि त्या चढू लागल्या. चार पायांनी चढत त्या निम्म्याच्या वर गेल्या तेव्हा प्रथम कोणी पाहिले. कोणी ओरडले नाही, कारण असला प्रसंग आला म्हणजे ओरडण्याचे काम आजवर एकाच माणसाकडे होते. म्हणून भर दरबाराने मान वळवून त्या बाईकडे पाहिले. लखोपंत हलकेच बोलिले, “आता कळेल.”

आणि वरच्या पायरीवर राजकन्या उभ्या राहिल्या, खाली किती उतार आहे तो त्यांस दिसला, आणि त्यांनीही आपल्या जुन्या रीतीने वळून त्याच तोंडाकडे पाहिले.

येथे लिहिणाराची लेखणी थांबते. एक किंकाळी फोडिली असती तर राज्य परत होते, महाराज परत होते, पट्टराणीची गादी परत होती. साऱ्या दरबारास तेवढीच खूण पाहिजे होती. किंकाळी आलीही होती. ती पोटातून निघाली, छातीत आली, गळ्यात येऊन दातांवर आदळू लागली. मन पालटले नव्हते, काडीइतकेही नव्हते. पळसाच्या फुलांसंगे जे गेले वाटले होते ते सर्व एका क्षणात परत आले होते. आणि राणीसाहेब टाच टेकून चालत जिन्याच्या तळाशी गेल्या, खांदे खाली सोडिले, पायरीवर बसल्या आणि वर पाहून म्हणाल्या, “वरून काय काय दिसतंय गं?”

राजकन्येने आजूबाजूस पाहिले. या प्रश्नाची त्यांस सवय नव्हती. मग म्हणाल्या, “कबू.”

“अजून?”

“नदी. निजली.”

“बरं. आता बूड टेकून एकेक पायरी खाली ये. मी बसलेय इथं.”

मग राजकन्या बसल्या आणि एकेक पायरी घसरत उतरू लागल्या, आणि प्रत्येक पायरीस त्या तोंडाकडे पाहत, आणि ते तोंड पाहून पुढची पायरी घेत. कबुतरे उडाली तेव्हाही पाहिले. तोंड तैसेच होते. शेवटची पायरी उतरून त्या बाईच्या मांडीत आल्या, तेथे थोडा वेळ बसल्या, आणि मग जिन्याकडे बोट करून म्हणाल्या, “पुन्हा.”

दरबाराने निःश्वास टाकिला आणि निवाडा केला की ही खचित तोतया. खरी माता असती तर ओरडली असती.

दाई तुळसेने मात्र एक पाहिले. बाई उठल्या तेव्हा त्यांच्या मुठीतला पदर पिळून पिळून आरपार फाटला होता आणि तळहातात नखे रुतून रक्त आले होते. मूल वरून पाहत असता चेहरा शांत होता आणि चेहऱ्याच्या खाली हे चालले होते. तुळसा जवळ सरकून कुजबुजली, “दाखवा की हे. आता दाखवा, सगळे मानतील. आपणच आहात हो.”

राणीसाहेबांनी कडेवरच्या मुलीकडे पाहिले. ती त्यांच्या तोंडाकडेच पाहत होती.

“नको,” त्या म्हणाल्या. “यांना दाखवलं की हिलाही दिसेल.” आणि फाटका पदर आत खोचून घेतला.

पुढे पेच पडला. तोतयास नदीपार करावे तर राजकन्या तिच्या गळ्याची मिठी सोडीनात. सोडविले तर जेवीनात. आणि ‘पुन्हा’ हा शब्द त्या दिवसभर म्हणत. मग लखोपंतांनी तोड काढिली आणि हुकूम लिहिला. बाई तोतया खऱ्या, परंतु निरुपद्रवी. सबब राजकन्येच्या आईची चाकरी त्यांजकडे बहाल केली असे. राणीपद रिकामे ठेवावे. आणि खऱ्या दर्याबाई राणीसाहेब जेथे असतील तेथून शोधून आणाव्या, त्यास दरसाल एक तुकडी रवाना करावी. ऐशा रीतीने आपल्याच महालात तोतया म्हणून त्या राहिल्या. मानाचा विडा बंद जाहला, पालखी बंद जाहली, आऊसाहेब अहो-जाहो करू लागल्या आणि टोमणे मारीनाशा जाहल्या, कारण परक्या बाईस टोमणे कसे मारावे. हे शेवटचे दर्याबाईंस सर्वांत जड गेले. राजकन्या झाडावर चढल्या, पाण्यात पोहल्या, एकदा हात मोडला, तो बसविला, आणि दुसऱ्या हाताने पुन्हा चढल्या. आणि मन? रायाजी म्हणाला होता त्याप्रमाणे ते मागून आले. नेमके केव्हा आले ते कळले नाही. लांब दुपारी नदी आडवी पडली असता केव्हातरी येऊन चटईच्या कडेस निजले असावे.

महाराज संध्याकाळी तोतयाच्या महालात येऊन बसू लागले. आवड वाढत गेली तैसा संकोचही वाढत गेला, कारण खरी राणी सापडली तर तिला काय सांगावे? एकदा त्यांनी विचारिले, “ती खरंच कुठं असेल हो?”

बाई सुपारी कातरीत होत्या. त्या प्रथम हसणार होत्या. मग हसल्या नाहीत. बऱ्याच वर्षांत प्रथमच त्यांस तो प्रश्न खरा वाटला, आणि त्यांनी धुक्याकडे पाहून विचार केला की खरेच, ती गेली कोठे? जिने वाऱ्यास परवाने दिले, जिच्या पहाऱ्यात मूल दीड वर्ष सुखरूप वाढले, तिला आपण नदीपार नेले आणि परत येताना नावेत घेतले नाही.

दुसरे दिवशी शोधाची तुकडी निघाली. प्रतिवर्षी बाई माडीवरून पाहत. त्या वर्षी खाली आल्या आणि तुकडीच्या जमादारास थांबविले. त्याच्या हाती एक घोंगडी दिली आणि म्हणाल्या, “काठाकाठानं बघा. ती पाण्याच्या जवळ जाणार नाही, पण लांबही जाणार नाही. मुलीचं विचारील, बरी आहे, एवढंच आधी सांगा, बाकी मग. आणि एक करा. दिसली तर मागून हाक मारू नका, दचकते. समोरून जा, हळू, आणि जरा लांबच थांबा. तिला येऊ द्या.”

जमादार मुजरा करून धुक्यात गेला.

येणेप्रमाणे हकिकत जाहली. राणी पालटली, राज्याने तोतया म्हटले, मूल निर्भय जाहले, आणि शोध अद्याप चालू आहे. जे दिसले ते लिहिले. जे धुक्यात राहिले ते तेथेच बरे आहे. वाचणाराने निजलेल्या मुलावरचे पांघरूण एकदा नीट करावे आणि दुसऱ्यांदा न पाहता दिवा मालवावा, इतकीच विनंती.